गाण्यातला ‘का’ कुठं बसतो?

बेळगावात, खानापुरात किंवा निपाणीत ‘प्रश्न’ एवढा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. सीमाप्रश्न, हे नाव सांगावंही लागत नाही. इथं मात्र लिहायचंय ते गाण्यांतल्या प्रश्नांविषयी. पहिल्याच ओळीत काहीतरी विचारणारी गाणी आपल्याकडं भजनात, हादग्यात, गणपतीच्या मांडवात, लग्नातल्या ऑर्केस्ट्रात रोज गायली जातात. ती गाताना एका छोट्या अक्षराकडं दुर्लक्ष होतं आणि गाणं बिघडतं. ते अक्षर म्हणजे ‘का’.

गाण्यांची वही अकारविल्हे लावलेली असेल तर तिच्यातली ‘क’ ची पानं उघडून बघावीत. मराठीतले झाडून सगळे प्रश्नशब्द ‘क’ पासून सुरू होतात: काय, कोण, कुठं, कधी, का, कसा, किती, कुणाला. शेजारच्या कन्नडात हेच शब्द बहुतेक ‘ए’ किंवा ‘या’ नं सुरू होतात: एनु, यारु, एल्ली, यावाग, याके, एष्टु. त्यामुळं सीमाभागातल्या कानाला प्रश्नाची चाहूल दोन तऱ्हांनी लागते. बाजारात समोरच्यानं ‘या...’ म्हणून तोंड उघडलं की ‘कोण’, ‘का’ किंवा ‘कधी’ येणार हे वाक्य पुरं व्हायच्या आतच कळतं. मराठी गाण्यात हे काम ‘क’ करतो.

पण ‘क’ दिसला की प्रश्न आहेच, असं समजू नये. ‘काटा रुते कुणाला’ हे शांता शेळके यांचं नाट्यपद. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, नाटक रणजित देसाईंचं ‘हे बंध रेशमाचे’. देसाईंचं कोवाड चंदगड तालुक्यात, म्हणजे बेळगावकरांच्या अगदी उंबऱ्यावर, म्हणून या पदाविषयी आपल्याकडं जरा जास्तच जिव्हाळा आहे. तरीही अनेक जण ते प्रश्नासारखं गातात, ‘कुणाला?’ असा सूर उंचावून. तिथं प्रश्न नाहीच. ‘कुणाला’ म्हणजे ‘कुणातरी एकाला’. काटा एखाद्याला रुततो, आक्रंदतात दुसरेच आणि मला तर फूलही रुतावं, अशी ती तक्रार आहे. ‘कुणाला’ वर प्रश्नाचा हेल दिला की पुढच्या ओळीतल्या फुलाचा आधारच निघून जातो. ओळखायची खूण सोपी आहे. शब्दाला ‘तरी’ जोडून बघावं. ‘कुणाला तरी’ म्हटल्यावर अर्थ जुळला तर प्रश्न नाही.

‘कधी’ चंही तसंच. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ या २०१० च्या चित्रपटातलं ‘कधी तू’ ऐकताना ‘कधी कधी तू अशी असतेस’ असंच मनात उमटतं. वेळ कुणी विचारत नाही. त्याच चित्रपटातलं ‘का कळेना’ आणखी निराळं. तिथं ‘का’ खरा प्रश्नाचाच आहे, पण ‘कळेना’ नं त्याला पोटात घेतलंय. समोर कुणी नाही, विचारणं स्वतःशीच आहे. अशा ओळीला शेवटी प्रश्नचिन्ह द्यायची गरज नसते. द्यायचं म्हटलं तरी ते कुठं द्यावं हे उमगत नाही.

आता खरा ‘का’. मराठीत तो दोन ठिकाणी बसतो आणि जागा बदलली की काम बदलतो. वाक्याच्या शेवटी बसला तर हो-नाही विचारतो: ‘येतोस का?’ सुरुवातीला बसला तर कारण विचारतो: ‘का येतोस?’ शब्द तेच, अक्षरं तीच, पण पहिल्यात आमंत्रण आहे आणि दुसऱ्यात कपाळाला आठी. बोलताना आपण चुकत नाही. गाताना चुकतो, कारण गाताना वाक्य श्वासावर तुटतं.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण ‘कुणी जाल का, सांगाल का’. कवी अनिल यांची कविता, यशवंत देवांची चाल आणि वसंतराव देशपांड्यांचा गळा. रात्री गाऊ नकोस, एवढंच त्या कोकिळाला जाऊन कुणीतरी सांगावं, अशी विनवणी. या ओळीच्या मात्रा एकदा बोटांवर मोजाव्यात, ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन. ‘कुणी’ मधला ‘णी’ ऱ्हस्व धरला की ‘कुणि जाल का’ सात मात्रा. ‘सांगाल का’ सात. ‘सुचवाल का’ सात. ‘त्या कोकिळा’ सात. चार तुकडे मिळून अठ्ठावीस. पुढची ओळही तशीच: ‘रात्री तरी’, ‘गाऊ नको’, ‘खुलवू नको’, ‘अपुला गळा’, चारही सात-सातांचे. कवितेचं माप इतकं नेटकं आहे की प्रत्येक तुकडा दीर्घ अक्षरावर येऊन थांबतो, आणि पहिल्या तिन्ही तुकड्यांत ते दीर्घ अक्षर म्हणजे ‘का’.

नवखा गायक काय करतो? पहिला श्वास ‘कुणी जाल’ नंतरच घेतो, कारण ‘जाल’ शब्द पुरा झाल्यासारखा वाटतो. मग पुढं ऐकू येतं, ‘का सांगाल का’. झालं, विनवणीचा जाब झाला. ‘कुणी जाईल का’ असं विचारणारा बिचारा माणूस एकदम ‘का सांगाल?’ म्हणून उलटतपासणी घेऊ लागतो. कॅरीओकेच्या पडद्यावर ही चूक पक्की होते, कारण तिथं ओळ अर्थावर तुटत नाही, पडद्याच्या रुंदीवर तुटते. ‘कुणी जाल का सांगाल’ एका ओळीत आणि ‘का सुचवाल का’ खालच्या ओळीत, अशी मांडणी समोर आली की डोळा गळ्याला तसंच गायला लावतो.

उपाय कागदाचा आहे. पडद्यावर विसंबू नये. ओळ हातानं लिहावी, दर सात मात्रांनंतर उभी रेघ मारावी, ‘का’ नेहमी रेघेच्या डावीकडं राहील हे बघावं. मग चाल बाजूला ठेवून ती तीनचारदा नुसती बोलावी, जशी गल्लीत शेजाऱ्याला म्हणावी तशी. श्वास दुसऱ्या ‘का’ नंतर घ्यावा, म्हणजे चौदा मात्रा एका दमात जातात. दर सातांनी श्वास घेतला तर चारही तुकडे वेगळे पडतात आणि विनवणीची लय मोडते. तिसरी गोष्ट, तीन ‘का’ सारख्या वजनाचे नसावेत. जाल का, सांगाल का, सुचवाल का: जा, निदान सांगा, तेही जमत नसेल तर नुसतं सुचवा. मागणी पायरीपायरीनं खाली येतेय. तिसऱ्या ‘का’ वर जोर दिला तर ती वर चढते आणि सगळं उलटं होतं. ‘का’ चा ‘आ’ मोकळा स्वर आहे, लांबवायला सोपा. म्हणूनच तो जास्त लांबवला जातो आणि पट्टीतून वर सरकतो.

क्रियापदही बघण्यासारखं आहे. ‘जाशील का’ नाही, ‘जाल का’. विचारणाऱ्याची कुणाशी ओळख नाही. जो कुणी ऐकत असेल त्याला तो अहो-जाहोनं विनवतोय.

‘का’ पुढं बसला की ओळख एकदम घरातली होते. ‘का रे दुरावा, का रे अबोला’ हे ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं, आशा भोसल्यांनी गायलेलं गाणं ‘मुंबईचा जावई’ या १९७० च्या चित्रपटातलं. दोन्ही अर्ध्या ओळी नऊ-नऊ मात्रांच्या, बरोबर एकमेकींसारख्या. इथं ‘का’ आणि ‘रे’ यांच्यामध्ये हवेलासुद्धा जागा नको. ‘का’ लांबवून मग ‘रे’ उचलला की ‘का’ रागीट होतो. ‘रे’ त्याला चिकटून आला की राग ओसरतो आणि लाडिकपणा उरतो. या गाण्याचं सगळं आर्जव त्या ‘रे’ मध्ये आहे, असं मला वाटतं. पुढच्या ओळीत ‘असा काय झाला’ म्हणून ‘काय’ येतो, तोवर स्वर बराच मऊ झालेला असतो. ‘का धरिला परदेश’ मधला ‘का’ हाही कारण विचारणारा, पण तिथं समोर माणूसच नाही. तो परदेशी आहे. पदही ‘हे बंध रेशमाचे’ मधलंच, म्हणजे एकाच नाटकात खोटा प्रश्न आणि खरा प्रश्न शेजारीशेजारी आहेत. नोकरीसाठी माणसं बाहेर गेलेल्या घरांत हे पद फार हळू आवाजात गायलं जावं. खड्या आवाजात ते तक्रारीसारखं ऐकू येतं.

क्रियापद पुढं आणून प्रश्न विचारायची आणखी एक जुनी रीत आहे: ‘सांग’. तिच्या आधीची, नाटकातली रीत ‘वद’. ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे सुभद्रेचं पद ‘संगीत सौभद्र’ मधलं. नाटक १८८२ मध्ये रंगभूमीवर आलं. कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर, जन्म १८४३, गाव गुर्लहोसूर, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारा माणूस कानडी मुलखात जन्मला आणि त्यानं रचलेल्या नाटकातल्या सर्वांत लाडक्या पदांपैकी एक प्रश्नानं उघडतं, याचं अप्रूप इथल्या नाट्यवेड्या माणसाला असायलाच हवं. मनाविरुद्ध लग्न ठरतंय आणि वडीलधारे ऐकत नाहीत, अशा मुलीचा तो प्रश्न. शेवटी येणारा ‘ग’ सांगतो की ऐकणारी सखी आहे. म्हणजे जिच्याकडं काहीच अधिकार नाही, तिलाच ती विचारतेय. ‘वद’ वर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायच्या नादात जोर पडला तर हुकूम होतो. खरा भार ‘कुणाला’ वर आहे. त्याच नाटकातलं ‘कोण तुजसम सांग’ घ्या. तिथं ‘सांग’ आहे, ‘कोण’ आहे, पण उत्तर नकोच आहे. तुझ्यासारखा कुणी नाही, हे आधीच ठरलंय. अशा पदाला प्रश्नाचा हेल दिला तर स्तुतीत शंका शिरते.

सत्त्याऐंशी वर्षांनी, १९६९ च्या ‘अपराध’ मध्ये हीच रीत चित्रपटात येते: ‘सांग कधी कळणार तुला’. मधुसूदन कालेलकरांचे शब्द, एन. दत्तांचं संगीत, महेंद्र कपूर आणि सुमन कल्याणपूर यांचं युगुलगीत. इथला ‘कधी’ अस्सल वेळ विचारणारा. हे गाणं कार्यक्रमात बसवताना अडचण येते ती पट्टीची. पुरुषांचा आवाज बहुधा पेटीवरच्या काळी एक-दोनला मोकळा लागतो, बायकांचा काळी चार-पाचला. युगुलगीताला पट्टी एकच. वाद्यवृंद असेल तर दोघांना म्हणून दाखवायला सांगून मधली पट्टी धरता येते. तयार ट्रॅकवर गायचं असेल तर ट्रॅक अर्धा किंवा एक स्वर खाली-वर करून घ्यावा लागतो. हे आधी केलं नाही तर बाईचा ‘सांग’ खर्जात बुडतो किंवा बुवांचा ‘तुला’ फाटतो, आणि प्रश्न विचारणाऱ्यालाच धाप लागल्यासारखी वाटते.

‘काय’ ची गोष्ट सीमाभागात निराळी आहे. पुण्याकडं ‘जेवलास का?’ म्हणतात तिथं कोल्हापूर-बेळगावकडं सर्रास ‘जेवलास काय?’ म्हणतात. म्हणून ‘सांग सांग भोलानाथ, पाऊस पडेल काय?’ हे मंगेश पाडगावकरांचं आणि मीना खडीकरांनी चाल दिलेलं बालगीत आपल्या पोरांना जरा जास्तच घरचं वाटतं. पुस्तकी भाषेत न भेटणारा ‘काय’ तिथं त्यांना आयता भेटतो. या गाण्याची रचना एका जुन्या रूढीवर उभी आहे, आणि ती माहीत असली की ‘काय’ ची गंमत कळते. भोलानाथ म्हणजे नंदीबैल. पाठीवर झूल, शिंगांना रंगीत गोंडे, गळ्यात घुंगरं, आणि मालकाच्या हातात आकड्यासारख्या काठीनं घासून वाजवायचं गुबुगुबु वाजणारं ढोलकं. कानडी वस्तीत हाच बैल ‘कोले बसव’ म्हणून दारात येतो. मालक विचारतो, बैल मान हलवतो. बैलाला फक्त हो किंवा नाही येतं. ‘पाऊस कधी पडेल?’ असं त्याला विचारता येत नाही, विचारलं तरी मान हलवून सांगता येणार नाही. म्हणून गाण्यातला प्रत्येक प्रश्न हो-नाहीचा आहे: पाऊस पडेल काय, सुट्टी मिळेल काय. उत्तर देणारा कोण आहे यावर प्रश्नाचा घाट ठरतो, हे इतकं स्वच्छ दाखवणारं गाणं क्वचित सापडतं.

गाताना ‘काय’ चा ‘य’ शेवटी नुसता टेकवायचा असतो. सूर ‘का’ वर धरायचा आणि सोडताना ‘य’. मुलं ‘य’ वरच सूर धरतात आणि ‘काईईई’ होतं. कोरसमध्ये वीस पोरं वीस वेळी ‘य’ सोडतात, म्हणून शिकवणाऱ्यानं हाताची मूठ मिटून तो एकदम बंद करून घ्यावा.

जुन्या मराठीत ‘काय’ कारणही विचारायचा. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हा चोखोबांचा सवाल त्यातलाच. ऊस डोंगा असला तरी रस डोंगा नसतो, हे चिकोडी-अथणीकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वाऱ्यानं लोळलेला, वाकून परत वर चढलेला ऊस त्यानं डोळ्यांनी बघितलेला असतो. भजनात ‘भुललासी’ वर तान घ्यायचा मोह होतो. तान घ्यावी, पण ‘काय’ उच्चारून मग. कित्येक ठिकाणी टाळांच्या गजरात ‘काय’ ऐकूच येत नाही आणि प्रश्न जाऊन ‘तू भुललास’ असा निवाडा उरतो. चोखोबांनी निवाडा दिलेला नाही, विचारलंय.

जाता जाता एक खंत. हिंदीत हो-नाहीचा ‘क्या’ वाक्याच्या पुढं बसतो. त्या वळणावर अलीकडं जाहिरातींत ‘काय आपण त्रस्त आहात?’ अशी वाक्यं ऐकू येतात. मराठीत हा ‘काय’ तिथं बसत नाही. ‘आपण त्रस्त आहात का?’ असंच आपण म्हणतो. गाणी लिहिणाऱ्या तरुणांनी एवढं सांभाळावं, कारण गाण्यातून गेलेली चूक पाठ होते.

काही प्रश्न नकार देण्यासाठीच जन्मतात. ‘कशि या त्यजू पदाला’ हे ‘एकच प्याला’ मधलं सिंधूचं पद. नाटक गडकऱ्यांचं, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, १९१९ साल, आणि गळा बालगंधर्वांचा. ‘कशी सोडू’ म्हणजे ‘सोडणार नाही’. इथं ‘कशि’ हळूच यावा, कारण सिंधू विचारत नाही, सांगतेय. आणि १९३९ च्या प्रभातच्या ‘माणूस’ मधलं ‘कशाला उद्याची बात’: अनंत काणेकरांचे शब्द, मास्टर कृष्णरावांचं संगीत आणि पडद्यावर शांता हुबळीकर. हुबळीजवळच्या अदरगुंचीत जन्मलेली, कानडी मुलखातली ही मुलगी मराठी चित्रपटात आली आणि तिच्या तोंडचं हे गाणं मराठीत सुरू होऊन मध्ये इतर भारतीय भाषांतही शिरतं. पुढं तिनं आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावही ‘कशाला उद्याची बात’ च ठेवलं. भाषा बदलत जाते तरी ‘कशाला’ चा बेफिकीर झटका कायम राहायला हवा. नेमकं तेच अवघड आहे. गाणारे मधल्या कडव्यांचे उच्चार घोकतात आणि परत ध्रुवपदावर येताना झटका हरवून बसतात. प्रश्नाचं ध्रुवपद का टिकतं, तेही इथं दिसतं. विधान चार वेळा म्हटलं की शिळं होतं. प्रश्नाला मात्र प्रत्येक कडव्यानंतर परत यायला निमित्त असतं, कारण तो अजून सुटलेला नसतो.

कन्नडात हो-नाही विचारायला वेगळा शब्दच लागत नाही. क्रियापदाच्या शेपटीला स्वर जोडला की प्रश्न झाला. ‘ऊटा आय्तु’ म्हणजे जेवण झालं, ‘ऊटा आय्ता?’ म्हणजे झालं का? ‘ओ’ जोडला तर प्रश्नात नवल मिसळतं. कनकदासांचं ‘नी मायेयोळगो, निन्नोळु मायेयो’ ऐकावं. तू मायेत आहेस की माया तुझ्यात? दोन्ही प्रश्नांचं सगळं ओझं शेवटच्या ‘ओ’ वर. मराठी गळ्याला हे पद गाताना अडचण येते ती इथंच. आपल्याला प्रश्न स्वतंत्र अक्षरात ठेवायची सवय, म्हणून ‘ओ’ आपण गिळतो. तो गिळला की प्रश्नच उरत नाही. धारवाडचं आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये सुरू झालं, सांगलीचं १९६३ मध्ये. या पट्ट्यातल्या घरांत दोन्हीकडची गाणी एकाच रेडिओतून आली आणि दोन्ही तऱ्हांचे प्रश्न कानात राहिले.

दोन भाषांतली पोरं चंद्राशी कशी बोलतात ते बघा. मराठी बाळ थेट त्यालाच विचारतं: ‘चांदोबा चांदोबा भागलास का?’ आणि लगेच ‘लपलास का?’ दोन्ही हो-नाही, दोन्ही ‘का’ शेवटी. कन्नड बाळ आईला विचारतं: ‘चंदिरनेतके ओडुवनम्म, मोडके हेदरिहने?’ चंद्र का पळतोय गं आई, ढगाला घाबरलाय का? ‘एतके’ मध्ये कारण आहे आणि ‘हेदरिहने’ च्या शेवटच्या ‘ए’ मध्ये हो-नाही. एका ओळीत दोन्ही जातींचे प्रश्न. ‘गं आई’ सुद्धा क्रियापदालाच चिकटलेलं. ज्या घरात आजी एका भाषेतली आणि शेजारीण दुसऱ्या भाषेतली, तिथल्या मुलांना दोन्ही पाठ असतात. त्यांना व्याकरण शिकवायला बसावं तर यांहून चांगला धडा नाही.

सगळेच प्रश्न अधांतरी राहतात असं नाही. हादग्यातलं ‘आज कोण वार बाई, आज कोण वार?’ हे गाणं उत्तर स्वतःच देतं आणि पुढच्या वाराला पुन्हा विचारतं. सोमवारी महादेवाला नमस्कार झाला की मंगळवार, असे सात. फेर धरून गाताना अर्ध्या जणींनी विचारावं आणि अर्ध्यांनी सांगावं, म्हणजे दम लागत नाही. फेर संपला की डब्यातली खिरापत ओळखायची, तोही प्रश्नच. सवाल-जवाबात तर प्रश्न हीच लढाई. शाहिरी फडांतल्या कलगी आणि तुरा या दोन बाजू उत्तर कर्नाटकातल्या कन्नड गीगी पदांत नागेशी आणि हरदेशी नावानं भेटतात: एक शक्तीला थोर मानणारी, दुसरी शिवाला. डफ, तुणतुणं, टाळ आणि मागं ‘गी गी’ चा झील, म्हणजे साथीदारांनी धरलेला सूर. सवाल ज्या चालीत आला त्याच चालीत जवाब द्यायचा, यमकही सांभाळायचं. म्हणून सवाल रचणारा मुरलेला शाहीर ओळ आखूड ठेवतो आणि शेवटी अवघड यमक लावतो. उत्तर माहीत असूनही ते त्या मापात बसवताना समोरचा अडखळावा, हा त्यातला डाव. नवशिका उलट करतो. लांबलचक सवाल टाकतो आणि समोरच्याला विचार करायला तेवढीच उसंत देतो.

मग राहतो पावा. गोपालकृष्ण अडिग यांची कन्नड कविता ‘याव मोहन मुरळि करेयितो, दूर तीरके निन्ननु’, पुढं ‘अमेरिका अमेरिका’ या चित्रपटामुळं घरोघर पोचली. कुठल्या मोहन मुरलीनं तुला दूरच्या तीरावर बोलावलं? ‘याव’ विचारतो आणि शेवटचा ‘ओ’ नवल करतो. आणि बेळगावात आयुष्य काढलेल्या इंदिरा संतांची ‘कुब्जा’: राधा अजून जागी नाही, गोकुळ जागं नाही, अशा अवेळी पैलतीरावर ‘आज घुमे का पावा मंजुळ’. दोन्हीकडं पलीकडचा तीर, दोन्हीकडं बासरी. पण कानडी ओळ दुसऱ्याला विचारते, मराठी ओळ कुणालाच नाही. आणि ‘का’ बघा कुठं बसलाय. सुरुवातीला नाही, शेवटी नाही, ओळीच्या मधोमध, क्रियापदाच्या मागं. तो कारण विचारतो की खरंच घुमतोय का असं चाचपतो, दोन्ही वाचता येतं. म्हणून ही कविता म्हणताना ‘घुमे’ नंतर थांबू नये आणि ‘का’ नंतरही थांबू नये. तिन्ही शब्द एका श्वासात, सपाट, पहाटेच्या आवाजात ‘पावा’ पर्यंत न्यावेत. उत्तर शेवटच्या ओळीत आहे, अर्ध्या पाण्यात उभ्या असलेल्या कुब्जेच्या डोळ्यांत: ‘हे माझ्यास्तव’. ते दोनदा येतं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज पहिल्यापेक्षा खाली घ्यावा.